पाचवी ओळ

दूध वर यायच्या बेतात होतं, काकूंच्या ओठांत टाचण्या होत्या आणि मांडीवर कुणाची तरी पँट उलटी पडली होती. उंच माणसासाठी शिवलेली आणि बुटक्या माणसाच्या वाट्याला आलेली पँट. तिची खालची पट्टी उसवायची, कापायची, पुन्हा दुमडायची. असल्या कामाला काकूंना डोळे लागत नाहीत, बोटं आपापली चालतात. कान मात्र गॅसकडे ठेवावे लागतात.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारी माणसं काकूंना मुळातच आवडत नाहीत. टाचण्या पिनकुशनमध्ये खोचून त्या उठेपर्यंत दुसरी थाप पडली.

"आले, आले! दार तोडू नका."

पोस्टमन होता. नेहमीचे निवृत्त झाले, हा नवा. हातात जाडजूड खाकी पाकीट. "पेटीत मावत नाही काकू, म्हणून वर आलो," असं म्हणून त्याने पाकीट पुढे केलं, लेबलाकडे एक नजर टाकली आणि त्याला हसू आवरेना. "काय हो काकू, काकांना जरा बाहेर जाऊ देत जा की! लोक आता पाकिटावर छापायला लागले."

समोरच्या शेजारणीचं दार किलकिलं होतं. ते हळूच लागलं.

"काका वारले," काकू म्हणाल्या. "गेल्या वर्षी."

पोस्टमनने जीभ चावली. "माफ करा हं काकू. मला वाटलं..."

"तुम्हाला जे वाटलं तेच सगळ्यांना वाटतं. आणा इकडे."

दार लावून त्या वळल्या, तर आत दुधाने चर्र केलं. ओटा, शेगडी, खालची फरशी, सगळीकडे दूधच दूध. काकूंनी फडकं घेतलं, ओटा पुसला, फडकं पिळलं, पुन्हा पुसला. पुसताना डोळे पाकिटावर. वर नवऱ्याचं नाव, त्याखाली पत्ता आणि पत्त्याखाली ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत, छापखान्यातल्या नव्हे तर कर्कश ओरडणाऱ्या जुन्या प्रिंटरच्या अक्षरांत:

बायको येऊ देत नाही वाटतं?

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते काकूंना त्या सकाळी नव्याने कळलं.

हे पाकीट कुठून येतं, हे सांगायला थोडं मागे जायला हवं. काका रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. घरात टेबलावर ठेवून टीव्हीला जोडायचे छोटे कॉम्प्युटर जेव्हा पहिल्यांदा बाजारात आले, ज्यांचा सगळा जीव त्या कळफलकाच्या पोटातच असायचा आणि ज्यांना प्रोग्राम गाण्याच्या कॅसेटवरून भरवावा लागायचा, तेव्हा गावातल्या काही हौशी मंडळींनी एक क्लब काढला. मशीनं तेव्हा नवी होती. पुढे ती जुनी झाली, जग कुठल्या कुठे गेलं, क्लब मात्र तिथेच राहिला. तीच मशीनं, तीच माणसं, महिन्याला एक सभा आणि सभेआधी घरोघरी जाणारी एक पत्रिका. पत्रिका पाठवायची तर पत्ते हवेत, पत्त्यांसाठी यादी हवी, आणि यादी सांभाळणारा प्रोग्राम काकांनी लिहिला.

साधा प्रोग्राम होता. सभासदाचं नाव, पत्ता, त्याच्याकडे कुठलं मशीन आहे ते, आणि शेवटी एक आकडा. सभा संपली की सेक्रेटरी टीव्हीच्या पडद्यावर एकेक नाव आणायचा आणि आला-नाही-आला ते एक कळ दाबून सांगायचा. आला तर आकडा शून्य. नाही आला तर एकाने वाढला. आणि या आकड्यावरून पुढच्या लेबलावर पत्त्याखाली एक ओळ उमटायची. एक सभा चुकवली तर: तब्येत बरी आहे ना? दोन चुकवल्या तर: विसरलात का आम्हाला? मग: मशीन विकलंत की काय? मग: रस्ता आठवतोय ना? आणि पाचवी ओळ ही अशी. सहावी ओळ नव्हतीच. एकदा पाचवीवर गेलेला माणूस सभेला तोंड दाखवीपर्यंत पाचवीवरच राहायचा.

काका गेल्यावर पहिलं पाकीट आलं ते 'तब्येत बरी आहे ना' विचारत. काकू ते छातीशी धरून रडल्या. खरंच रडल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी सेक्रेटरींना फोन केला. "हो हो वहिनी, बघतो," असं उत्तर मिळालं. तिसऱ्या वेळी पुन्हा फोन, पुन्हा "बघतो." चौथ्या वेळी त्यांनी पाकीट न फोडता कपाटावर टाकलं. पाचवी ओळ आली तेव्हा त्यांनी ते लेबल नखाने खरवडून काढलं. आणि आता ही ओळ महिन्यामागून महिने, पेटीतून, जिन्यातून, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांखालून घरात येत होती. मेलेल्या माणसाला बायको येऊ देत नाही म्हणे! आता तर वरून पोस्टमनही उपदेश करायला लागला होता.

काकूंनी लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या गावी नोकरी करते. सकाळी ती घाईत असते.

"आई, अगं बाबांची गंमत आहे ती."

"गंमत त्यांची. गावभर शोभा माझी."

"कोण वाचतंय पाकिटावरचं? जाऊ दे ना."

"जाऊ दे, जाऊ दे! या घरात 'जाऊ दे' म्हणायचं काम एकट्या माझ्याकडे कुणी दिलं गं?"

लेक हळूच म्हणाली, "मला तर बरं वाटतं. बाबांचाच आवाज येतो त्यातून."

"तुला बाबांचा येतो. मला लोकांचा येतो," असं म्हणून काकूंनी फोन ठेवला, आणि ठेवल्या ठेवल्या स्वतःवरच चिडल्या, की पोरीला कशाला बोलले.

पण लेकीला एक गोष्ट माहीत नव्हती. ती जगात फक्त दोघांना माहीत होती, आणि त्यातला एक निघून गेला होता.

क्लबचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांचं मशीन कसलंसं बिघडलं म्हणून त्यांनी ते मोठ्या विश्वासाने काकांकडे दुरुस्तीला दिलं होतं. काकांनी ते बरंही केलं. मग चालवून बघायचं म्हणून, गप्पांच्या नादात, दुसऱ्याच मशीनचा अडॅप्टर त्याला लावला. खोलीभर करपल्याचा वास सुटला. काकूंनी स्वयंपाकघरातून धाव घेतली, त्यांना वाटलं आपलंच काही लागलं. बघतात तर नवरा खुर्चीत पांढराफटक, आणि पुढ्यात धूर. काका डॉक्टरांना काय म्हणाले, तर "वीज एकदम जोरात आली हो." डॉक्टरांनी लगेच मान्य केलं. उलट तेच समजूत घालायला लागले. म्हणजे झालं भलतंच! डॉक्टर रागावले असते तर काकांनी एखादे वेळी खरं सांगून टाकलं असतं. त्या चांगुलपणापुढे त्यांना तोंड वर करवेना. क्लबला जायचं म्हटलं की पोटात दुखायचं, डोकं धरायचं.

सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं पाणी, त्यांचं पुसणं, शिवणाची कामं, शाळेत जाणारी लेक, एवढं सगळं उरकून काकू दर सभेच्या दिवशी नवऱ्याचा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकायच्या. "अहो, जा. सांगायचं नसेल तर सांगू नका, पण जाऊन बसा तरी. लपून कुठवर राहाल?" काका शर्टाकडे बघायचे आणि भिंतीकडे कूस वळवायचे. संध्याकाळी काकू शर्ट पुन्हा कपाटात ठेवायच्या. अशा किती सभा गेल्या. शेवटी एकदा काकूंनी हाताला धरून त्यांना जिन्यापर्यंत नेलं, आणि ते गेले.

परत आले ते शीळ घालत. "कुणी काही विचारलं नाही?" काकूंनी दारातच विचारलं.

"विचारलं ना! इतके दिवस कुठे होतास म्हणाले. म्हटलं, बायको येऊ देत नव्हती. असे हसले सगळे!"

"आणि तुम्ही?"

"मीही हसलो. तुला काय कुणी खाणार आहे का? तू कुठे त्यांना भेटणार आहेस?"

पुढे प्रोग्राम लिहिला तेव्हा ते टिंगलीचं वाक्य त्यांनी त्यात घालून टाकलं. वर कहर म्हणजे तो प्रोग्राम मशीनवर टाइप केला काकूंनीच. कॉलेजात असताना त्यांनी टायपिंगची परीक्षा दिली होती. काका कळफलकावर एका बोटाने अक्षरं शोधत बसायचे. ते कागदावरून वाचायचे, काकू टाइप करायच्या. पाचव्या ओळीपाशी काकूंचे हात थांबले.

"हे खोटं आहे."

"अगं, गंमत आहे."

"कुणाच्या जिवावर?"

"आपलीच. कर ना टाइप, कॅसेट संपेल."

कॅसेट काही चालू नव्हती. पण काकूंनी टाइप केलं. पलीकडच्या खोलीतून सासूबाईंनी हाक मारली होती, भांडायला वेळ नव्हता. घरात भांडायला वेळ असणं ही चैन आहे, आणि काकूंना ती परवडली असे दिवस फार कमी.

पाकीट आलं त्याच दिवशी संध्याकाळी सभा होती. पत्रिकेत वेळ-ठिकाण छापलेलंच होतं. काकूंनी बुटक्या माणसाची पँट पुरी केली, गिऱ्हाइकाच्या हातात दिली, चांगली साडी नेसल्या आणि पाकीट पिशवीत टाकून निघाल्या. बसमध्ये त्यांनी सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. कुणाला काय बोलायचं, आवाज कुठे चढवायचा. इतक्या वर्षांत त्या तिथे एकदाही गेल्या नव्हत्या. डबे मात्र पाठवले होते, पडदे शिवून दिले होते, मशीनं झाकायला कापडी टोप्या शिवल्या होत्या.

वाचनालयाच्या मागच्या बाजूला जिना, जिन्याच्या वर खोली. दार उघडंच होतं. आत तापलेल्या धुळीचा वास, भिंतीला लागून टीव्ही, टीव्हीपुढे मशीनं आणि मशीनांवर वाकलेली पांढरी डोकी. खिडक्यांना काकूंचेच पडदे. एकाही पडद्याची शिलाई उसवलेली नव्हती, हे त्यांनी रागातही पाहून घेतलं.

"अरे वहिनी!" सेक्रेटरी उठले. हे पूर्वी नकाशे काढायचे. बोलतानाही बोटाने हवेत रेघा मारतात. "या, या! आज कशी काय वाट चुकलात?"

काकूंनी पाकीट टेबलावर आपटलं. "वाट कसली चुकते मी? तुम्हीच बोलावता ना दर महिन्याला? हे घ्या. वाचा, मोठ्याने वाचा."

कुणी वाचलं नाही. एका कोपऱ्यात प्रिंटर ओरडत होता, तोही कुणीतरी बंद केला.

"दोनदा फोन केला मी तुम्हाला. दोनदा 'बघतो' म्हणालात. काय बघितलंत? तो माणूस जळून राख झाला, आणि तुमचा प्रोग्राम म्हणतो बायको येऊ देत नाही. कुठून येऊ देऊ? सांगा ना! कुठून आणू त्याला?"

दातांचे डॉक्टर पुढे आले. माणूस गोड, आवाज दाढ काढण्यापूर्वी असतो तसा. "वहिनी, बसा आधी. पाणी घ्या. तो प्रोग्राम आम्ही बदलत नाही, त्याला कारण आहे. आमचा नियमच आहे, जुनं ते होतं तसं ठेवायचं. त्याच्या हातची एक खूणसुद्धा आम्ही हलवली नाही."

"त्याच्या हातची?" काकू म्हणाल्या. "टाइप कुणी केलाय तो?"

डॉक्टर गोंधळले. "म्हणजे?"

"काही नाही. नाव काढून टाका यादीतून. म्हणजे लेबलच येणार नाही."

"तीच तर गंमत आहे," सेक्रेटरी म्हणाले, आणि 'गंमत' हा शब्द ऐकून काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्याने नाव काढायची सोयच ठेवली नाही. म्हणायचा, एकदा आपला झाला तो आपलाच. आपल्यातले याआधीही काही गेलेच की वहिनी. त्यांचीही लेबलं निघतात. तो काय करायचा, ती लेबलं हाताने फाडून काढायचा आणि खिशात घालायचा. त्यामुळे कुणाच्या घरी कधी गेली नाहीत."

काकूंना शर्टाचे खिसे आठवले. धुण्यात भिजून खिशाच्या आत चिकटून बसलेला कागदाचा लगदा. कितीदा त्यांनी तो ब्रशने घासला होता, कितीदा खडसावलं होतं, "कसला हा डिंक घेऊन हिंडता?" काका कधी काही बोलले नाहीत.

"मग तुम्ही का नाही फाडत?" काकूंनी विचारलं. "इतरांची फाडता ना?"

सेक्रेटरींची बोटं हवेतच थांबली. "इतरांची फाडतो."

"मग?"

"त्याचं फाडायला हात होत नाही, वहिनी." त्यांनी खाली पाहिलं. "प्रत्येक वेळी वाटतं, पुढच्या वेळी फाडू. मग लावून टाकतो."

काकूंचा राग असा मध्येच कुणी काढून घेतल्यासारखा झाला, आणि त्याचाच त्यांना आणखी राग आला. तुमचा हात होत नाही, म्हणून माझं तोंड काळं? तुमचं प्रेम पाकिटाला लावायचं आणि त्याचा हिशेब पोस्टमनने माझ्याकडे मागायचा?

डॉक्टरांना वाटलं, वातावरण जरा हलकं करावं. "आणि खरं सांगू का वहिनी, ती ओळ म्हणजे आमच्या क्लबची ओळख आहे. आम्ही सगळे एकमेकांना चिडवतो त्यावरून. कुणी उशिरा आला की म्हणतो, याच्याही आड वहिनी आल्या वाटतं!"

"आड कोण आल्या?"

डॉक्टरांच्या लक्षात आलं. पण शब्द गेला तो गेला.

"म्हणजे मी त्यात येते," काकू सावकाश म्हणाल्या. "इतकी वर्षं. मला वाटत होतं फक्त ओळ आहे. इथे मी वस्तीला आहे."

"तसं नाही हो. प्रेमाने म्हणतो. तुम्ही कडक होता, त्यात काय वाईट? त्या वेळी तर चांगले चारपाच महिने तुम्ही त्याला..."

"मी काय?"

"...येऊ दिलं नाही. तोच सांगायचा."

काकूंनी मान वळवली. का वळवली कोण जाणे. समोरच्या हसऱ्या तोंडाकडे बघवेना म्हणून असेल. भिंतीवर फळी होती आणि फळीवर एक मशीन, काकूंनीच शिवलेली टोपी बाजूला काढून ठेवलेलं. कळफलकाच्या एका कडेला प्लास्टिक वितळून फुगलं होतं. ते त्यांनी ओळखलं. पुढे जाड कागदाची चिठ्ठी होती, डॉक्टरांच्या टपोऱ्या अक्षरात: विजेच्या धक्क्याने निकामी. आमच्या मित्राने वाचवण्यासाठी जिवाचं रान केलं.

काकूंनी ती चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. करपल्याचा वास त्यांच्या नाकात असा आला, की जणू तो इतकी वर्षं तिथेच बसून होता.

सगळं जिभेवर आलं होतं. एकच वाक्य लागणार होतं. डॉक्टर, तुमचं मशीन विजेने नाही जळलं. एवढं म्हटलं की पडद्यांपासून टोप्यांपर्यंत सगळं फिटलं असतं. पाचवी ओळ तिथल्या तिथे खोटी पडली असती. ओठांत टाचण्या धरल्यासारखे त्यांनी ओठ मिटून घेतले. तोंडात टाचण्या असताना बाई काही म्हणजे काही बोलत नाही. बोलली तर एक तरी आत जाते.

"वहिनी," डॉक्टर आता खरंच मनापासून विचारत होते, "मग तो तेव्हा का येत नव्हता?"

"ते त्यांना विचारायचं होतं."

"तुम्हाला काही बोलला नाही?"

"मला एवढंच माहीत आहे, की दर सभेला शर्ट इस्त्री करून मी खुर्चीवर टाकत होते. आत सासूबाई पडून होत्या, तरी टाकत होते. संध्याकाळी परत कपाटात ठेवत होते. शेवटी हाताला धरून जिन्यापर्यंत आणलं ते मीच. त्यापुढचं तुमचं तुम्ही हसलात."

हे बोलताना त्यांचा आवाज चढला नाही. बसमध्ये जुळवलेलं त्यात काहीच नव्हतं. सेक्रेटरींनी खुर्ची पुढे सरकवली, काकू बसल्या नाहीत.

"वहिनी, चुकलं आमचं," सेक्रेटरी म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून पाकीट येणार नाही. मी स्वतः फाडतो ते लेबल. आत्ता फाडतो, तुमच्यासमोर."

"नका फाडू. तुमचा हात होत नाही ना? मग नका फाडू. पाकीट येऊ दे. माझं त्याला काही म्हणणं नाही."

"मग ओळ बदलू," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "नियम बाजूला ठेवू. करू काहीतरी."

"ओळही नका बदलू. ती त्यांनी लिहिलीय." काकूंनी टेबलावरचं पाकीट उचललं, पिशवीत ठेवलं, पिशवीचा बंद ओढला. "पाकिटाच्या आत तुमची पत्रिका असते ना? सगळे वाचतात ना ती? पुढच्या पत्रिकेत पहिल्या पानावर एक ओळ छापा. खाली माझं नाव घाला. बायको येऊ देत होती. एवढंच छापा."